विडी वळायच्या मशीनला पेटंट मिळावं, का नीतीच्या कारणावरनं नाकारावं?

पूर्वभागातला

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले डोक्यात हेच चाललंय, घरात बोलायची सोय राहिली नाही म्हणून इथं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं नि त्याच्या दोन मित्रांनी प्रोजेक्ट म्हणून विडी वळायची मशीन केली. एकदम पक्की नाही, पण चालते. कापलेलं पान एका बाजूनं सरकवायचं, तंबाखू वरच्या डब्यात, खाली दोन रबरी रोलर, पान गुंडाळून पुढं जातं आणि दोरा बसतो. तोंड काय अजून नीट बंद होत नाही, दहातल्या तीन सुटतात. गेल्या महिन्यात आजीला दाखवायला म्हणून घरी घेऊन आला. आजी म्हणजे माझी आई, चाळीस वर्षं झाली विडी वळते. मांडीवर सूप, शेजारी ओल्या बारदानात पानं, कात्री, पत्र्याचा साचा, सगळं बसल्या जागी. तिनं मशीनमधनं पडलेली एक विडी उचलली, अंगठ्यानं जरा दाबून बघितली, "छाट" म्हणाली आणि परत आपल्या कामाला लागली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कारखान्यात माल द्यायला गेल्यावर तपासणारा जी विडी बाजूला टाकतो ती छाट. तिचे पैसे नाहीत.)

तर आता त्याच्या सरांनी डोक्यात घातलंय की पेटंट टाका. एजंटकडं मी पण गेलो होतो सोबत. तो म्हणाला, टाकू की, पण कलम ३(बी) आडवं येऊ शकतं. म्हणजे आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात असं आहे की ज्या शोधाचा वापर नीतिमत्तेच्या किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या विरुद्ध आहे, किंवा ज्यानं माणसाच्या, जनावराच्या, झाडापेरांच्या जीवाला-आरोग्याला नाहीतर पर्यावरणाला गंभीर धोका आहे, तो शोध पेटंटच्या लायकीचा धरायचाच नाही. शोध कितीही भारी असो. भाचा तिथंच तडकला, मी काय बॉम्ब केलाय का मामा म्हणून.

मी घरी येऊन खरं ते बोललो आणि तिथंच बिनसलं. माझं म्हणणं, नाकारलं तर बरोबरच होईल. पेटंट म्हणजे सरकार तुमच्या पाठीवर थाप मारतं आणि वीस वर्षं सांगतं की हे दुसऱ्यानं करायचं नाही. तंबाखूच्या धंद्याला ही थाप कशाला? आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, कुंभारीच्या घरकुलातल्या हजारो बाया ह्याच्यावर पोट भरतात, त्यांच्या हातातलं काम काढून घेणाऱ्याला सरकारनंच बक्षीस द्यायचं म्हणजे काय? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा.

होटगीरोड

कायद्याचं काम करतो म्हणून दोन गोष्टी आधी साफ करतो, कारण मूळ पोस्टमध्ये सगळी खिचडी झालीय.

पेटंट मिळालं म्हणून मशीन बनवायची परवानगी मिळते असं नाही. पेटंटनं फक्त दुसऱ्याला अडवता येतं. आता उलट बाजूनं बघा. ३(बी) खाली अर्ज फेटाळला तर मशीन थांबते का? अजिबात नाही. उलट ती सगळ्यांना मोकळी होते. अर्ज टाकल्यापासून अठरा महिन्यांनी तो जसाच्या तसा प्रसिद्ध होतो, ड्रॉइंगसकट. मग सिन्नरचा, निपाणीचा, गोंदियाचा कुणीही वर्कशॉपवाला ते उघडून बघेल आणि लेथवर बसेल. तुमच्या आईचं काम वाचवायला म्हणून तुम्ही पेटंट नाकारा म्हणताय आणि त्यानं ती मशीन फुकट वाटली जाणार.

दुसरं, बायकांचा रोजगार. ३(बी) मध्ये रोजगार हा शब्दच नाही हो. नीती, सुव्यवस्था, जीव, आरोग्य, पर्यावरण, संपलं. पेटंट ऑफिसच्या मॅन्युअलमध्ये उदाहरणं दिलीत: चोरी-घरफोडीचं यंत्र, खोट्या नोटा छापायचं यंत्र, जुगाराचं साधन, अन्नात भेसळ करायची पद्धत. तुमच्या भाच्याची मशीन अडली तर ती विडी वाईट आहे म्हणून अडेल. आईची रोजी जाते म्हणून अडणार नाही. ह्या दोन कारणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, जरा शांतपणे विचार करा.

शेंगाचटणी

अबे मग त्या हिशेबानं आजीच्या सुपावर पण ३(बी) लावा की 😄 मशीननं वळली तर आरोग्याला धोका आणि आजीनं वळली तर काय च्यवनप्राश हाय का ती

पूर्वभागातला

@शेंगाचटणी हसायला ठीक आहे पण रात्रभर हेच टोचत होतं. विडीमुळं नुकसान होतं हे मला मान्य, माझे वडील विडीनंच गेले. पण आईच्या हाताला मी अनीती म्हणू का? नाही म्हणणार. आणि भाच्याच्या मशीनला म्हणतो. मग माझं खरं भांडण तंबाखूशी नाहीच बहुतेक. वकीलसाहेब म्हणतात ते बरोबर, माझी दोन कारणं एकमेकांच्या तंगड्यात तंगडी घालूलालेत.

जुनी गिरणी

रोजगाराच्या कारणावरनं पेटंट नाकारायचा विषय आजचा नाही. पेटंट म्हणजे राजाची मर्जी होती तेव्हापासनं चालत आलाय. आणि पहिली मोठी गोष्ट आपल्याच धंद्यातली आहे, विणकामातली.

१५८९ सालचं. इंग्लंडात विल्यम ली म्हणून नॉटिंगहॅमशायरचा एक पाद्री होता, त्यानं मोजे विणायची मशीन केली आणि एलिझाबेथ राणीकडं पेटंट मागायला गेला. राणीनं नाही म्हणून सांगितलं. हातानं मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांवर उपासमार येईल, असं कारण दिलं म्हणतात. तिच्यानंतरच्या जेम्स राजानंही नाहीच दिलं. शेवटी बिचारा मशीन घेऊन फ्रान्सला गेला आणि तिकडंच मेला. पण पुढं काय झालं? त्याचा भाऊ मशीनी घेऊन इंग्लंडात परत आला आणि त्याच नॉटिंगहॅमच्या भागात मोज्यांचा एवढा मोठा धंदा उभा राहिला की विचारू नका. राणीनं नीतीनं नाकारलं, मशीन काय थांबली नाही, फक्त ज्यानं केली त्याला काही मिळालं नाही.

१६२४ चा इंग्लंडचा मक्तेदारीचा कायदा, जो आजच्या पेटंटचा आजोबा धरतात, त्यात सुद्धा अट होती की असा मक्ता राज्याला अपायकारक नको, भाव वाढवणारा नको, व्यापार बुडवणारा नको. म्हणजे सरकारनं आधी लोकांचं हित बघायचं आणि मग हक्क द्यायचा, ही कल्पना काय कम्युनिस्टांनी काढलेली नाही.

आता आपल्या चादरीकडं या. चादरीवर नक्षी येते ती जेकार्डमुळं, वर पंच कार्डांची माळ फिरते ती सगळ्यांनी बघितलीय. तो जेकार्ड फ्रान्सचा. त्याच्या मागाविरुद्ध लिऑंच्या विणकरांनी दंगा केला, हेच कारण, आमचं काम जातंय. तिथं सरकारनं वेगळीच वाट काढली. माग सार्वजनिक मालकीचा जाहीर केला, जेकार्डला पेन्शन लावून दिली आणि वर प्रत्येक मागामागं काही रक्कम. म्हणजे शोध लावणाऱ्याला उपाशी पण ठेवलं नाही आणि कुणाचा मक्ता पण होऊ दिला नाही. मला विचाराल तर ह्या धाग्यातला सगळ्यात शहाणा माणूस तोच, ज्यानं तो कागद काढला. विणकरांचं काम मात्र गेलंच, ते कबूल करायला पाहिजे. माझ्या वडलांनी हातमाग विकला तेव्हा पण कुणी विचारायला आलं नव्हतं, लाकूड जळणाच्या भावानं गेलं.

सिव्हिलची सिस्टर

काका छान लिहिलंत. पण सगळे जण "मशीन काय थांबत नाही" एवढंच धरून बसलेत म्हणून उलट बाजू मांडते.

पेटंट हा जन्मसिद्ध हक्क आहे असं गृहीत धरून सगळं बोलणं चाललंय. तसं नाहीये ते. तो लोकांशी केलेला सौदा आहे, तुम्ही तुमचं गुपित उघडं करा, आम्ही तुम्हाला वीस वर्षं राखण देतो. सौद्यात दुसऱ्या बाजूला मी पण आहे, तुमची आई पण आहे. मग आम्हाला "ह्या मालाला आम्ही राखण देणार नाही" म्हणायचा हक्क नको? बाजारात विकू नका असं मी म्हणतच नाहीये, माझ्या कोर्टाचा, माझ्या पोलिसांचा वापर करून त्यातनं मक्ता करू नका एवढंच.

आणि आपल्या देशानं हे केलंय. पेटंट कायदा तपासणाऱ्या अय्यंगार समितीचा रिपोर्ट १९५९ चा, त्यानंतर १९७० चा कायदा आला आणि त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंटच नाही असं ठरवलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर. ते २००५ पर्यंत चाललं. भारतातल्या स्वस्त औषधांचा धंदा त्याच्यावरच उभा राहिला. तो निर्णय नीतीचाच होता, लोक मरत असताना औषधावर कुलूप नको.

टीबीचं बेडाक्विलिन घ्या. माझ्या वॉर्डात ज्यांना साधी औषधं लागू पडत नाहीत असे पेशंट असतात, त्यात विडी वळणाऱ्या बायका पण असतात, त्यांच्या नाकातोंडात आयुष्यभर तंबाखूचा खकाणा गेलेला असतो. ह्या गोळीवरचा मक्ता अजून वाढवून मिळावा म्हणून जॉन्सन अँड जॉन्सननं अर्ज केला होता, त्याला मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले ह्या दोघींनी विरोध केला. दोघी टीबीतनं वाचलेल्या, दोघींची ऐकायची ताकद आधीच्या औषधांनी गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसनं तो अर्ज फेटाळला. हे वाचलं तेव्हा ड्युटी रूममध्ये रडू आलं होतं मला, खोटं कशाला सांगू.

तेव्हा नाकारण्यानं काहीच होत नाही असं म्हणू नका. नाकारण्यानं भाव खाली येतो.

पुणेकर नाइलाजानं

सिस्टर तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण उदाहरण चुकलं. बेडाक्विलिनचा अर्ज नीतीवर नाही पडला. तो पडला कारण जुन्याच औषधाचं नवं मीठ (म्हणजे रसायनातला क्षार) करून नवीन शोध म्हणून दाखवलं होतं. ३(डी) वगैरे. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक ह्या कॅन्सरच्या औषधाचं पण तेच, सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की आधीपेक्षा गुण जास्त असल्याचं दाखवा, नाहीतर नाही. हा तांत्रिक प्रश्न आहे, पुराव्यावर ठरतो. त्यात परीक्षकाला "मला हे बरं वाटत नाही" असं म्हणायची सोय नाही. आणि म्हणूनच ते टिकलं.

३(बी) ची भानगड वेगळी आहे. पेटंट ऑफिसात बसलेला परीक्षक हा केमिस्ट्री नाहीतर मेकॅनिकल शिकलेला माणूस, त्याला अख्ख्या समाजाची नीती कुणी शिकवली? मध्यंतरी एका कॅनडाच्या कंपनीचा लैंगिक खेळण्याचा अर्ज आपल्याकडं ह्याच कलमाखाली फेटाळला गेला. काय नुकसान होणार होतं त्यानं, कुणाचं? कुणाला तरी लाज वाटली, बस्स.

अमेरिकेत हा खेळ दीडशे-पावणेदोनशे वर्षं खेळून झालाय. १८१७ मध्ये तिथल्या एका जजनं लिहिलं की शोध समाजाच्या नीतीला धरून पाहिजे, लोकांवर विषप्रयोग करायचा शोध असेल तर पेटंट नाही. वाचायला छान वाटतं. पण मग जुगाराच्या मशीनी अडवल्या, आणि १९२५ ला काय अडवलं माहितीय? बायकांचे मोजे. तेव्हा मागं शिवण असलेले मोजे उंची समजायचे आणि बिनशिवणीचे स्वस्तातले. एका कंपनीनं बिनशिवणीच्या मोज्यावर खोटी शिवण विणायची युक्ती काढली. कोर्ट म्हणालं, ही गिऱ्हाइकाची फसवणूक, पेटंट रद्द. मग १९९९ मध्ये सरबताच्या मशीनची केस आली, वरच्या काचेच्या भांड्यात रंगीत सरबत नुसतं दाखवायला आणि ग्लासात पडतं ते खालच्या टाकीतलं पाणी नि सिरप मिसळून. तिथं वरच्या कोर्टानं सांगून टाकलं की फसवणुकीला वेगळे कायदे आहेत, पेटंट ऑफिसनं त्यात नाक खुपसायचं नाही. कारण प्रत्येक पिढीची नीती वेगळी आणि पेटंट एकदा नाकारलं की ते परत येत नाही.

विडी वाईट असेल तर विडीवर बंदी घाला ना. ई-सिगरेटवर २०१९ ला घातलीच की. तेवढी हिंमत कुठल्याच सरकारला होत नाही, कारण तंबाखूवाल्यांची मतं पण आहेत आणि बायकांची पण. आणि मग ते पाप एका पोराच्या अर्जावर फेडायचं.

शेंगाचटणी

खोट्या शिवणीचं वाचून आपल्या स्टेशनसमोरचं दुकान आठवलं. पानिपतहून आलेला माल, वर "अस्सल सोलापुरी चादर", आणि हात लावला की केस निघूलालेत. जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा हक्क, मिळून इतकी वर्षं झाली बे, कोण विचारतंय. १९२५ चा तो जज असता तर त्या दुकानात उभा करून विचारलं असतं, मालक, आता सांगा.

पण पुणेकरांचा एक मुद्दा मला पटला नाही. बंदी घाला नाहीतर पेटंट द्या, मधलं काहीच नाही, असं कसं? घरात पोरगं काही उद्योग करतंय, आपण त्याला हाकलून पण देत नाही आणि पेढे पण वाटत नाही. गप बसतो. तसं सरकारनं गप बसायचं.

होटगीरोड

शेंगाचटणी हसतहसत बरोबर बोलले. पेटंटसारख्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करार आहे त्यात नेमकं हेच आहे. नीतीसाठी पेटंट नाकारायची मुभा देशांना आहे, पण नुसतं "आमच्या कायद्यात ह्या वस्तूवर बंदी आहे" हे कारण पुरत नाही. म्हणजे बंदी आणि पेटंट ही दोन वेगळी खाती आहेत. ते उलटं पण लागू होतं, बंदी नाही म्हणून पेटंट द्यायलाच पाहिजे असं काही नाही.

युरोपात तराजू लावतात. हार्वर्डचा उंदीर माहीत असेल, त्याला मुद्दाम कॅन्सर व्हावा असा केलेला, संशोधनासाठी. अमेरिकेनं १९८८ मध्ये सरळ पेटंट दिलं. युरोपच्या ऑफिसनं एका पारड्यात उंदराचे हाल टाकले, दुसऱ्यात माणसाचा फायदा, आणि मग दिलं. केस उगवायच्या औषधासाठी केलेल्या उंदराचा अर्ज मात्र त्याच तराजूत हलका ठरला. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये हार्वर्डच्या त्याच उंदराला नाही म्हणून सांगितलं. उंदीर एक, तीन ठिकाणं, तीन उत्तरं.

आता ती विडीची मशीन तराजूत टाका. एका पारड्यात काय टाकाल आणि दुसऱ्यात काय? बायकांच्या नाकात जाणारा खकाणा कमी होईल, तो फायदा. विडी स्वस्त होऊन जास्त ओढली जाईल, तो तोटा. रोजगार जाईल. मला विचाराल तर परीक्षकाला हे तोलताच येणार नाही, आणि म्हणून मी पुणेकरांच्या बाजूला झुकतो, पण सगळा नाही.

डाळिंबवाला सांगोला

मी शेतकरी माणूस, मशीनीतलं कळत नाही. पण नीतीवरनं पेटंट नाकारायचं म्हणलं की मला टर्मिनेटर बी आठवतं. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं, डेल्टा अँड पाइन लँड कंपनी आणि तिथलं सरकारी शेतीखातं दोघांच्या नावावर. पेरलेल्याचं बी परत उगवायचंच नाही असं तंत्र. आमच्याकडं मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी, घरचं बी घरी ठेवायची रीत. कणसं निवडून बाजूला काढायची, राखेत घालून ठेवायची, पुढच्या पेरणीला तीच. त्या बियालाच वांझ करायचं म्हणजे पाप नाही तर काय आहे सांगा.

तर ते पेटंट कुठल्या साहेबानं नाकारलं नाही. थांबवलं लोकांनी. जगभर बोंब झाली, १९९९ ला मोन्सॅन्टो ह्या बियाणं कंपनीनं जाहीर केलं की असलं वांझ बी आम्ही बाजारात आणणार नाही. आपल्याकडं २००१ च्या पीक वाण कायद्यात असल्या तंत्राच्या वाणाची नोंदणीच करायची नाही असं घातलं, आणि शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, द्यायचा हक्क लिहून दिला. पेटंट कायद्यात पण बी-बियाणं, झाड, जनावर ह्यावर पेटंट नाही असं आहे.

म्हणजे मी वकिलांच्या बाजूचा की सिस्टरांच्या, मलाच कळंना. पेटंट ऑफिसनं काय थांबत नाही हे दिसलं. पण कुठंतरी कागदावर "हे आम्हाला चालणार नाही" असं लिहिलेलं असलं की माणसाला बोट दाखवायला जागा राहते.

नवी पेठ

एवढी चर्चा सरकारनं नाकारावं का म्हणून. पोरानं स्वतःच नाकारलं तर? जगदीशचंद्र बोस पेटंट घ्यायच्या विरुद्धच होते, विद्या विकायची नाही म्हणून. १९०४ चं एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावावर आहे, ते पण मित्रमंडळींनी मागं लागून घ्यायला लावलेलं, त्यातनं पैसा काय त्यांनी केला नाही. इन्सुलिन शोधणाऱ्यांनी तर एकेका डॉलरला हक्क देऊन टाकले. भाच्याला हे सांगा.

होटगीरोड

इन्सुलिनचं अर्धंच सांगितलंत. त्यांनी पेटंट न घेता सोडून दिलं नाही. पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ मध्ये त्याचे हक्क टोरोंटो युनिव्हर्सिटीला एकेका डॉलरला दिले. का? कारण आपण सोडलं तर दुसरा कुणीतरी घेईल आणि आपल्यालाच अडवेल. त्यांच्यातल्या बँटिंगला डॉक्टर म्हणून त्यावर स्वतःचं नाव नको होतं, पण पेटंट घ्यायला मात्र पाहिजे होतं. नीतीच्या कारणानं पेटंट *घेतलेलं* आहे ते.

पूर्वभागातला

थांबा थांबा. म्हणजे भाच्यानं पेटंट घ्यायचं आणि मशीन कुणाला बनवूच द्यायची नाही, असं पण होतं की? वीस वर्षं कुलूप. आई तोपर्यंत... असो. पंधरा दिवस मी उलट्याच टोकाला धरून ओढूलालो होतो का काय.

पुणेकर नाइलाजानं

😂😂 मामा एकदम पार्टी बदलली. काल तंबाखूला पेटंट म्हणजे पाप, आज पेटंट म्हणजे विडी कामगारांची युनियन.

होटगीरोड

आयडिया वाईट नाही पण कुलूप पक्कं नाही हो. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर, लोकांची गरज भागत नाही किंवा देशात वापर होत नाही असं दाखवून कुणीही सक्तीचं लायसन्स मागू शकतो. २०१२ मध्ये बायरच्या कॅन्सरच्या गोळीवर आपल्याकडच्या नॅटको कंपनीला असंच मिळालं, महिन्याचे दोन लाख ऐंशी हजार लागायचे ते आठ हजार आठशेवर आले. तिथं चांगलं झालं. पण तेच हत्यार उद्या एखादा विडी कारखानदार घेऊन येईल, तुमचा भाचा मशीन दाबून बसलाय, मला द्या. शिवाय दरवर्षीची फी भरत राहायची, ती वेगळीच.

आणि मुळात सर्च केलाय का, म्हणजे असली मशीन आधी कुणी केलीय का ते शोधलंय का? एक्साईजमध्ये हातानं वळलेल्या विडीला कमी आणि मशीनच्या विडीला जास्त कर, असे दोन दर वर्षानुवर्षं होते. म्हणजे मशीनी आधीपासनं आहेत. तुमच्या भाच्याच्या मशीनमध्ये नवीन काय आहे ते आधी ठरवा, नीतीचं नंतर बघू. आणि हातविडी टिकवायला सरकारनं पेटंट नाही नाकारलं, करात फरक ठेवला, हे पण बघून ठेवा.

सिव्हिलची सिस्टर

कराचं मला माहीत नव्हतं. पण म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं ना, सरकार गप नव्हतं, एका बाजूला उभं होतं. फक्त ते कुठल्या काउंटरवर उभं राहायचं एवढाच वाद आहे. मी अजूनही म्हणते, पेटंटच्या काउंटरवर पण उभं राहायला हरकत नाही. पूर्वभागातला दादा, आईला एकदा छातीचा एक्स-रे काढायला घेऊन या. धाग्याचा विषय नाही तरी सांगते.

जुनी गिरणी

सिस्टरांशी सहमत, एक्स-रेच्या बाबतीत तरी नक्की.

पूर्वभागातला

आणतो सिस्टर, सोमवारी.

भाचा काल आला होता. मी इथलं बरंच त्याला वाचून दाखवलं, मोज्यांची गोष्ट, जेकार्डची पेन्शन. तो म्हणाला, मामा, नवीन काय आहे ते मला पण माहीत नाही, रोलर तर सगळ्यांचेच असतात, ते तोंड बंद करायचं जमलं तर तेच नवीन. मग तो आजीसमोर मांडी घालून बसला आणि मोबाईलवर तिच्या हाताचा व्हिडिओ काढायला लागला. आई पान वळते, दोरा मारायच्या आधी पानाची टोकं नखानं आत दुमडते, एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं, आणि तिसऱ्यांदा नुसतं बोट फिरवल्यासारखं करते, ते डोळ्याला दिसतच नाही. त्यानं चारदा स्लो करून बघितलं. म्हणाला, हे तिसरं आहे ना, हेच पाहिजे. आईनं विचारलं, कशाला पाहिजे? तो म्हणाला, मशीनला शिकवायला. ती म्हणाली, मग मला काय देणार?

सगळे हसलो पण ती हसली नाही.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. ते तिसरं दुमडणं मशीनमध्ये घातलं तर अर्जावर शोधक म्हणून आईचं नाव घालावं लागेल का?

होटगीरोड

तिनं स्वतः काढलेली युक्ती असेल तर घालायलाच पाहिजे. खरा शोधक लपवला तर पेटंट रद्द व्हायला तेवढं पुरतं. पण गल्लीतल्या सगळ्याच बाया तसंच करत असतील तर ते नवीन कुठलं, पारंपरिक ज्ञान झालं, ३(पी) लागेल. हळदीचं तसंच झालं, १९९५ ला अमेरिकेत जखमेवर हळद लावायचं पेटंट दिलं आणि १९९७ मध्ये माशेलकरांच्या सीएसआयआरनं (सरकारी संशोधन संस्था) जुने ग्रंथ दाखवून ते रद्द करून घेतलं. आईला विचारा, हे तुमचंच का कुणाकडनं शिकलात.

शेंगाचटणी

३(बी) मधनं सुटलं तर ३(पी) मध्ये गुतलं. भाच्याला म्हणावं चादरीच्या लाईनला ये बे.

पूर्वभागातला

विचारलं. म्हणाली, पहिली दोन माझ्या सासूची, तिसरं माझं. पान कमी दर्जाचं यायला लागलं, तोंड सुटायचं, छाट जास्त निघायची, म्हणून सुरू केलं. आता गल्लीतल्या चौघी-पाचजणी तसंच करतात, तिनंच दाखवलं त्यांना.

आजच्या साडेनऊशे झाल्यात, कट्टे बांधायला मदत करायची आहे, बाकीचं उद्या लिहितो.